चूक कुणाची?

माझ्या भाचीकडची छऱ्याची बंदूक देशी बनावटीची आहे. स्प्रिंगवर चालणारी, नळी मधून मोडून छरा भरायची. दोन वर्षांपूर्वी तिला साडेअकरा हजार रुपये पडले. दहा मीटर एअर रायफलच्या मोठ्या स्पर्धांत जी बंदूक खांद्याला लागते ती बहुधा परदेशी, दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणारी, आणि तिची किंमत लाखांत असते. या दोन आकड्यांमधलं अंतर माझ्या बहिणीच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझे मेहुणे इंदूरच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितात, त्यांना तर ते रोज दिसत असणार.

भाची चौदा वर्षांची. दर रविवारी ती एका क्लबात जाते. तिथल्या चांगल्या बंदुकीवर तिच्या वाट्याला अर्धा तास येतो, कारण रांग मोठी असते. बाकीचे सहा दिवस घरची बंदूक. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिथल्या प्रशिक्षकांनी तिचे घरी मारलेले कागद मागवले, चाळले आणि मेहुण्यांना म्हणाले, "लड़की मेहनती है, पर हाथ में नहीं है." वाक्य संपलं आणि बहुतेक नेमबाजीही संपली. मेहुणे वाईट माणूस नाहीत. ज्याला पैसा मोजून खर्चावा लागतो त्याला असं एखादं वाक्य सुटकेसारखं वाटतं, एवढंच. ते मला म्हणाले, "ताई, हातातच नसेल तर आपण तरी काय करणार?"

मला प्रश्न पडला तो दुसराच. हातात नाही, हे कशावरून कळलं? कागदावरून. आणि कागदावर भोकं कुणी पाडली? हात आणि बंदूक, दोघांनी मिळून. मग दोघांतल्या एकाला दोषी कसं ठरवलं?

नेमबाजीतलं मला काही कळत नव्हतं. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. पण कथा-कादंबऱ्यांवर घर चालत नाही, म्हणून पंप, शिलाई मशीन, पिठाच्या गिरण्या यांच्या माहितीपुस्तिकाही इंग्रजीतून मराठीत आणि हिंदीत करते. त्यामुळे यंत्राबद्दलचं लिखाण वाचायची भीती गेली आहे. शिवाय रामबागेतल्या आमच्या जुन्या घराला वरच्या मजल्यावर सरळ बारा मीटरांची गॅलरी आहे आणि तिच्या टोकाला जाड भिंत. भाचीनं बंदुकीसोबत आलेली चार पानी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मावशी, तू हे वाच ना नीट." तिथून सुरुवात झाली.

बंदूक म्हटलं की परवान्याचं विचारतात, म्हणून आधी तेवढं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. दुकानदार, शेजारी, चुलत-मावस भाऊ, सगळे पहिली सूचना करतात ती जोर वाढवण्याची: कडक स्प्रिंग घाला, दोन थेंब तेल सोडा, बघा कसा आवाज येतो. पण स्पर्धेतली लाखांची बंदूक फार तर साडेसात ज्यूलच्या आसपास असते. अर्ध्या ग्रॅमचा छरा ती सेकंदाला १७० मीटरच्या जवळपास वेगानं सोडते, आणि आमच्या साडेअकरा हजारांच्या बंदुकीपेक्षा हा जोर कमीच आहे. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राला सुवर्णपदक मिळालं ते याच प्रकारात. जोराचा आणि नेमाचा संबंध लोक समजतात तितका नाही. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं की जोर वाढवायचा नाही. वाढवायचा तो एकसारखेपणा.

स्प्रिंगच्या बंदुकीत हा एकसारखेपणा अवघड का असतो, ते समजायला मला दोन दिवस लागले. चाप ओढला की आत दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्या हवा दाबत जातो. तो जवळजवळ टोकाला पोचतो तेव्हा कुठे छरा हलतो. पण जड दट्ट्या पुढे धावला की बंदूक मागे सरकते, आणि टोकाशी दट्ट्या अडला की ती पुढे झेपावते. हे सगळं साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात होतं, आणि त्या वेळात छरा अजून नळीतच असतो. म्हणजे छरा बाहेर पडायच्या आधीच बंदूक जागची हललेली असते. तिला हलण्यापासून रोखता येत नाही. ती दर वेळी तशीच हलेल एवढंच पाहता येतं. हवेच्या नळकांड्याच्या महागड्या बंदुकीत हा जड दट्ट्या नसतो, म्हणून ती जवळजवळ स्थिर राहते. किमतीतला बराचसा फरक या स्थिरतेचा आहे.

पहिल्या रविवारी आम्ही बंदुकीची एकटीची परीक्षा घेतली. गॅलरीच्या टोकाला लाकडी पेटी, तिच्या मागे जाड फळी, पेटीत माझ्या जुन्या मुद्रितांचे गठ्ठे गच्च दाबून भरलेले. तीन कादंबऱ्यांची प्रूफं एकावर एक, छरा दुसऱ्या कादंबरीच्या पुढे जात नाही. डोळ्यांना चष्मे. या बाजूला स्टुलावर ज्वारीची पिशवी, तिच्यावर भाचीचा पंजा, पंज्यावर बंदूक. असं टेकवलं की हाताचा दोष जवळपास नाहीसा होतो आणि उरतो तो बंदुकीचा. पाच छरे मारले. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर ३१ मिलिमीटर. पुन्हा पाच: २८. पुन्हा: ३४. दहा मीटरच्या टार्गेटवरचं अख्खं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं असतं आणि दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे पिशवीवर टेकून, श्वास रोखून मारलं तरी ही बंदूक छरे अख्ख्या काळ्यात कुठेही टाकत होती.

त्या संध्याकाळी मी मेहुण्यांना एक हिशेब दाखवला. हिशेबाच्या माणसाला हिशेबच पटतो. बंदुकीची चूक आणि हाताची चूक एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं, काटकोन त्रिकोणातल्या कर्णासारखं. समजा बंदुकीची चूक ३० मिलिमीटर आणि हाताची २०. कागदावर पुंजका दिसेल तो सुमारे ३६ चा. आता मुलीनं सहा महिने राबून हाताची चूक निम्मी केली, २० वरून १० वर आणली. कागदावर काय दिसेल? सुमारे साडेएकतीस. ३६ चे साडेएकतीस झाले, आणि पुंजक्या-पुंजक्यातच पाच-सहाचा फरक पडत असतो. म्हणजे सहा महिन्यांची मेहनत कागदावर उमटणारच नाही. तीच मेहनत बंदुकीची चूक १० असताना केली तर पुंजका सव्वाबावीसवरून चौदावर येतो. तो कुणालाही दिसेल.

मेहुण्यांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरीनं केलं तरी दिसणार नाही, आणि नाही केलं तरी दिसणार नाही." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. स्वस्त हत्याराची खरी किंमत हीच असते. ते काम बिघडवतं हे ठीक, पण चूक कुणाची हे कळू देत नाही. आणि ज्याला स्वतःची चूक कळत नाही त्याला शिकता येत नाही. लोक मात्र त्याच्यात नाही असं म्हणून मोकळे होतात.

अनुवाद करणाऱ्याला ही जागा ओळखीची आहे. मी जादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. केलं. बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये उभा केलेला तो विभाग. तिथे आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायला लावत: हा अनुवाद थेट मुळातून झाला आहे का मधल्या भाषेतून? रशियन कादंबरी इंग्रजीतून मराठीत आलेली असते तेव्हा एखादं वाक्य अडखळलं तर ते लेखक अडखळला म्हणून, इंग्रजी अनुवादक अडखळला म्हणून, का मराठी अनुवादक, हे वाचकाला कधीच कळत नाही. तो बहुधा लेखकालाच जबाबदार धरतो. मामा वरेरकरांनी शरदबाबूंना थेट बंगालीतून मराठीत आणलं, तेव्हा निदान एक पायरी कमी झाली. चूक असेल तर ती दोघांतल्या कुणाची एवढंच शोधायचं राहिलं. आमच्या गॅलरीतही तेच काम होतं. मधल्या पायऱ्या एकेक करून शांत करायच्या, म्हणजे शेवटी जी चूक उरेल तिचा मालक सापडेल.

सगळ्यात आधी स्क्रू. स्प्रिंगच्या धक्क्यानं लाकडी दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, आणि आमचे पुढचे दोन चक्क बोटानं फिरत होते. ते काढून, पुसून, आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावून सारखे आवळले. नळी जिथे मोडते तिथल्या बोल्टला खेळ होता, तोही आवळला. त्याची खूण अशी की मोडलेली नळी जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनानं खाली पडता कामा नये. त्याच सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छरा मारला तर पट्टी उडाली, म्हणजे हवा तिथून निसटत होती. सियागंजातून वीस रुपयांची ओ-रिंग आणून बसवली, पट्टी जागची हलेना. नळी साफ करायला मासेमारीची नायलॉनची दोरी आणि जुन्या मलमलीच्या चिंध्या. दोरी मागून पुढे ओढायची. तारेचा ब्रश वापरायचा नाही, नळीच्या आतले पीळ त्यानं खराब होतात. पहिली चिंधी डांबरासारखी निघाली, चौदावी पांढरी.

तेल सोडायचं थांबवलं. आत दाबल्या गेलेल्या हवेनं ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. कधी पेटतं, कधी नाही, म्हणून प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा. तो मोठा आवाज ज्याला लोक जोर समजतात तो याचाच असतो.

पुढचं काम आमच्या हातचं नव्हतं. सांवेर रोडला एक लेथवाले आहेत, मी त्यांना पूर्वी पंपाच्या एका शब्दासाठी भेटले होते. त्यांनी आधी नळीच्या तोंडाशी कापूस गुंडाळलेली काडी फिरवली. एका जागी कापसाचा धागा अडकला. "यहाँ बर्र है मैडम," म्हणाले. छरा नळी सोडतो त्या शेवटच्या क्षणी त्याच्या मागची हवा चारी बाजूंनी सारखी सुटली पाहिजे. एका बाजूला केसाएवढा खरा राहिला तरी ती आधी दुसरीकडून सुटते आणि छऱ्याला तिरकं ढकलते. पितळी गोल डोक्याचा स्क्रू आणि मोटारींच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट घेऊन त्यांनी दहा मिनिटांत ते तोंड घासून एकसारखं केलं.

मग बंदूक उघडली. हे घरी करायचं काम नाही. स्प्रिंग आत दाबलेली असते आणि शिकंज्यात न धरता पिन काढली तर ती तोंडावर येते. त्यांनी शिकंजा लावला. आतला पत्र्याचा गाइड स्प्रिंगच्या मानानं बारीक निघाला. स्प्रिंग त्यावर डुलत होती, म्हणून प्रत्येक छऱ्यानंतर तो तारेसारखा झणत्कार ऐकू यायचा. त्यांनी डेलरिनच्या दांडीतून नवा गाइड कातला, स्प्रिंगमध्ये जेमतेम सरकेल असा. स्प्रिंग तीच ठेवली, फक्त तिची टोकं गुळगुळीत केली आणि मॉलीची काळी पेस्ट अगदी पातळ लावली. साडेचारशे रुपये घेतले. भाचीनं तिथेच बंदूक भरून त्यांच्या वाळूच्या पोत्यावर एक छरा मारला. झणत्कार गेला होता, नुसता एक कोरडा ठोका आला. लेथवाले हसले. "अब ये एक ही बात बोलती है."

चापाचं वजन आम्ही प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यानं मोजलं: २.८ किलो. अख्खी बंदूकच सव्वातीन किलोची. जवळजवळ बंदुकीएवढ्या वजनानं चाप ओढायचा आणि बंदूक हलू द्यायची नाही, ही चौदा वर्षांच्या बोटाकडून अपेक्षा. एकमेकांत अडकणारे दात घासायचा सल्ला अनेकांनी दिला. तो मानला नाही, कारण दात झिजले तर बंदूक आपोआप सुटू शकते. पुस्तिकेत दिलेला स्क्रू फिरवला, फिरत्या भागांना पेस्ट लावली, वजन १.४ किलोवर आलं. मग छरा भरून, नळी पेटीकडे रोखून, दस्त्यावर रबरी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. सुटली नाही. तेव्हाच मुलीच्या हातात दिली.

बंदुकीच्या पुढच्या टोकावरच्या उंचवट्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे खाच, पुढे माशी, त्यापलीकडे काळं वर्तुळ. तीन गोष्टी तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो. सेहेचाळिसाव्या वर्षी मला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, शब्दकोशातले बारीक ठसे रोज सांगतात. दुर्बीण स्पर्धेत चालत नाही, त्यामुळे आम्ही मागची खाच काढून बारीक छिद्राची चकती बसवली. छिद्रातून पाहिलं की मागचं नीट जुळवायचं कामच राहत नाही, डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि माशी व वर्तुळ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. सगळ्यात महाग भाग हाच, नऊशे रुपये.

राहिले छरे. सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, पण दिवसा तिथे सोनं तोललं जातं. आमच्या ओळखीच्या एका सराफांकडे दुपारी ग्राहक नसताना आम्ही दोनशे छऱ्यांचा डबा घेऊन बसलो. त्यांचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. स्वस्त डब्यातला सगळ्यात हलका छरा ०.४४ ग्रॅम, सगळ्यात जड ०.५३. आठ-दहांची घेरदार शेपटी दबलेली. सराफकाका म्हणाले, "चाळीस वर्षांत शिसं पहिल्यांदा तोललं. सोन्यात एवढा फरक निघाला तर माझं दुकान बंद होईल." आम्ही तीन ढीग केले. मधल्या वजनाचे मोजणीसाठी, बाकीचे नुसत्या सरावासाठी, दबलेले बाद. निघताना काकांनी दोघींना हात साबणानं धुवायला लावले. शिसं हातानं तोंडात जातं, हे त्यांना आमच्याआधी सुचलं.

तरीही पुंजका सतरा-अठराच्या खाली येईना. शेवटची दुरुस्ती बंदुकीत नव्हती, ती धरण्यात होती. भाची तिला घट्ट धरत होती. क्लबातल्या स्थिर बंदुकीची तिला सवय, शिवाय हलणारी वस्तू आवळून धरावी हे माणसाला उपजतच वाटतं. पण स्प्रिंगची बंदूक जितकी आवळाल तितका तिच्या हलण्यावर तुमच्या त्या दिवसाच्या स्नायूंचा ठसा उमटतो. तिला उघड्या तळहातावर नुसतं ठेवायचं, खांद्याला जेमतेम टेकवायचं, आणि हलू द्यायचं. फक्त तळहात दर वेळी त्याच जागी हवा. त्या जागेची खूण म्हणून भाचीनं दस्त्याच्या खालच्या बाजूला आपली एक लाल टिकली चिकटवली. त्या आठवड्यात पिशवीवर टेकवून मारलेले पाच पुंजके मी मोजले: ११, ९, १०, १२, ९. एकूण खर्च, छऱ्यांसकट, तीन हजारांच्या थोडा वर.

आता बंदूक १० ची झाली होती. भाची पहिल्यांदा पिशवीशिवाय, उभी राहून, तिच्यावर मारायला तयार झाली तेव्हा तिचे आई-बाबाही गॅलरीत येऊन उभे राहिले. दहा छरे. पुंजका २६ चा. मेहुण्यांचा चेहरा पडला, कारण त्यांनी मनात काही वेगळा आकडा धरला असणार. पण भाची कागद हातात घेऊन उन्हात गेली आणि ओरडली, "मावशी, हे बघ!" दहांपैकी सात भोकं मध्याच्या उजवीकडे खाली होती, घड्याळात चार वाजतात त्या दिशेला. पूर्वीच्या कागदांवर भोकं चहूकडे असायची, त्यात काही वाचताच येत नव्हतं. इथे सात भोकं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती. तिनं बंदूक पुन्हा उचलली, रिकाम्या भिंतीकडे धरून चाप ओढण्याची नुसती क्रिया केली, आणि मला तिचा उजवा पंजा बघायला सांगितलं. बोटाबरोबर अख्खा पंजा मिटत होता. "ही माझी आहे," ती म्हणाली. "ही बंदुकीची नाही, ही माझी चूक आहे."

स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी क्वचित पाहिलं आहे. दोन वर्षं ती मुलगी आपल्यात काही नाही असं धरून चालली होती. नाही या गोष्टीवर काय मेहनत करणार? पंजा मिटतो, यावर मात्र उद्या सकाळपासून मेहनत करता येते. ती तिनं केली. दोन महिन्यांनी उभ्यानं मारलेला पुंजका एकोणिसावर आला.

प्रशिक्षकांचं वाक्य खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. एकोणीस मिलिमीटरवर कुणी राज्याच्या संघात जात नाही, आणि तिच्या हातात किती आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. पण ते वाक्य ज्या कागदांवरून उच्चारलं गेलं त्या कागदांवर तिचा हात उमटलेलाच नव्हता, एवढं आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मेहुण्यांनी मार्चपर्यंत क्लबाची फी भरली. मार्चनंतरचं मार्चमध्ये पाहू म्हणाले. मी त्यांना हिशेबाची पुढची ओळही दाखवली आहे: हाताची चूक १० च्या जवळ आली की ही बंदूक पुन्हा तिची मेहनत झाकू लागेल, आणि तेव्हा स्क्रू आवळून भागणार नाही. लाखांचा प्रश्न टळलेला नाही, पुढे गेला आहे. पण आता तो विचारायचा की नाही हे ठरवायला हातात काहीतरी आहे.

या काळात एका शब्दानं माझा पिच्छा पुरवला. हिंदी-उर्दूत निशाना, तो फारसीतून आलेला, म्हणजे खूण, समोरची वस्तू. कन्नड-तेलुगूतली गुरी समोरच्या लक्ष्याचीच. बंगालीत हाताची टिप असते, आणि मजा म्हणजे बंगाली बाई कपाळावर टिकली लावते तिलाही टिपच म्हणतात. भाचीच्या दस्त्यावरची लाल टिप पाहून माझ्या कोलकात्याच्या मैत्रिणीला फार गंमत वाटली. मराठीत आणि गुजरातीत मात्र नेम आहे. तो नियमातून आलेला. नित्यनेम त्यातलाच, नेमकं त्यातलंच, आणि कशाचा नेम नाही म्हणतो तोही तोच. बाकीच्या भाषा कागदाकडे पाहतात, हा शब्द बंदूक धरणाऱ्याकडे पाहतो आणि विचारतो, काल जसं केलंस तसंच आज केलंस का?

भाचीची एक वही आहे. रोज दहा छरे, त्यांचा पुंजका आणि शेजारी दोन रकाने: "बंदूक" आणि "मी". स्क्रू ढिला निघाला, छरा दबलेला होता, थंडीत स्प्रिंग मंद वाटली, असं काही असलं तर पहिल्या रकान्यात. पंजा मिटला, मान आधी उचलली, श्वास लांबला, हे दुसऱ्यात. परवा मी वही उघडून पाहिली. अकरा दिवस पहिला रकाना रिकामा आहे. दुसरा काठोकाठ भरला आहे, आणि त्यातलं अक्षर सुरेख आहे.